पोरं नाही दमवत हो

काल भावाचा फोन. म्हणे ताई, बर्नआउट वगैरे आयटीवाल्यांना होतं, तुम्हाला कुठून, मे महिना सुट्टी, दिवाळीची सुट्टी. फोनवर वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून इथे लिहितेय.

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर बीएलओ, म्हणजे मतदारयादीसाठी नेमलेले केंद्रस्तरीय अधिकारी, त्यामुळे मतदारयादीचं काम निघालं की चारही वर्ग माझेच. २००९ च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात कलम २७ आहे, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं बिगरशैक्षणिक काम द्यायचं नाही. पण 'निवडणूक' या एका शब्दात किती महिने मावतात ते सरांना विचारा, आणि जे त्यात मावत नाही त्याला शैक्षणिक म्हटलं की झालं! यूडायसवर शाळेची माहिती भरा, पोरांचे अपार ओळख क्रमांक काढा, खिचडीची नोंद रोज अ‍ॅपवर टाका, आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलं की ते पोरगं संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक ठरवतात त्यात, धरत नाहीत, मग त्याच्या आईला रोजगार बुडवून तालुक्याला न्या. शाळेत रेंज फक्त हातपंपापाशी येते, दुपारी मी तिथेच सापडते.

मागच्या महिन्यात दुसरीतली एक पोरगी, जोडाक्षराला दोन महिने अडायची, तिने 'पुस्तक' हा शब्द एका दमात वाचला आणि धावत हातपंपापाशी आली. नेमका तेव्हाच ग्रुपवर मेसेज, 'तात्काळ, निरंक असल्यास निरंक भरावे.' म्हणजे काही नाहीये हे कळवायची पण घाई! मी म्हटलं थांब गं जरा. लिंक उघडेना. मान वर केली तर पोरगी गायब, वर्गात जाऊन पुस्तक मिटून बसली होती.

दमायला होतं ते इथे. पोरांनी नाही दमवलं कधी. तिने 'पुस्तक' वाचलं याला कुठल्याच लिंकमध्ये रकाना नाही, आणि निरंक उशिरा भरलं तर खुलासा मागतात.

त्यात २०२५ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा निकाल आला, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त असतील तर दोन वर्षांत पास व्हा. वीस वर्षं शिकवलेले आमचे सर आता रात्री लेकीच्या शेजारी बसून बालमानसशास्त्र पाठ करतात. हसू पण येतं आणि पोटात गोळा पण.

ताणतणावावर ऑनलाइन प्रशिक्षण झालं आमचं, खोटं नाही सांगत. श्वास घ्या, श्वास सोडा, आणि शेवटी जिओटॅग फोटो अपलोड करा. अहो, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ लाच बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी जोडलंय, मग श्वास आम्हीच का सोडायचा, कामं कमी करा ना. केंद्रावर, म्हणजे आमच्या शाळांच्या गटाला, एक डेटा ऑपरेटर दिला तरी आसपासच्या शाळांचं भागेल.

परवा केंद्रप्रमुखांना हेच बोलले. ते बिचारे आमच्यातलेच, त्यांच्याही मागे दहा लिंका. म्हणाले, मॅडम लेखी द्या, वर पाठवतो. एक्सेलमध्ये द्या फक्त.