थ्री-पिनची पिन काढू नका: होम थिएटरच्या त्या मेसेजला उत्तर

‘होम थिएटरवाल्यांनो, हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या नागपुरातल्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. खाली ‘एका अनुभवी ऑडिओ इंजिनिअरचा सल्ला’ एवढंच. नाव नाही, गाव नाही. डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स रिसिव्हरला, म्हणजे होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या डब्याला, कसा जोडावा, याचे त्यात पाच मुद्दे आहेत. बॉक्सची एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल) रिसिव्हरमधून नेऊ नका, चित्र बिघडतं आणि पोर्ट जळतो. सोन्याचा मुलामा दिलेली महाग केबलच घ्या. ऑप्टिकल केबलचा, म्हणजे उजेडाने आवाज नेणाऱ्या केबलचा, आवाज सगळ्यात शुद्ध. बॉक्समध्ये डॉल्बी ऑन केलं की प्रत्येक चॅनेल 5.1 मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) ऐकू येतो. आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर रिसिव्हरच्या थ्री-पिन टॉपमधली वरची जाड पिन काढून टाका.

पहिल्या चार मुद्द्यांसाठी मी काही लिहायला बसलो नसतो. पाचवा नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी तो करूनही टाकला. म्हणून तोच आधी घेतो.

मामांचा रिसिव्हर जुना, लोखंडी कॅबिनेटचा. बॉक्समधून लाल-पांढऱ्या वायरने त्यात आवाज घेतलेला. मी गेलो तेव्हा टॉप उघडून काढलेली पितळी पिन टीव्हीजवळ एका वाटीत ठेवलेली होती आणि टॉपच्या आत हिरव्या वायरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी रागावलो तर मामा म्हणाले, “अरे, पण आवाज तं गेला ना बाप्पा! मग मेसेज खोटा कसा?”

हीच तर खरी भीती आहे. पिन काढली की घूं आवाज बहुतेक वेळा जातो. म्हणूनच लोक मेसेज पुढे पाठवतात आणि म्हणूनच तो जिवावर बेतणारा आहे.

आवाज येतो कशामुळे? रिसिव्हरचं कॅबिनेट थ्री-पिनमधून घराच्या अर्थिंगला जोडलेलं असतं. डिशच्या केबलवरची तारेची जाळीही गच्चीवर पाइपातून, भिंतीतून कुठेतरी जमिनीला भिडलेली असते. जमिनीला जाणाऱ्या या दोन वाटांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राहतो. लाल-पांढऱ्या वायरच्या जाळीतून मग 50 हर्ट्झचा बारीक करंट वाहतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. पिन काढली की दोनातली एक वाट तुटते, आवाज थांबतो. पण तुटलेली वाट तुमचा जीव वाचवणारी होती.

रिसिव्हरच्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी गेलं, फेजची वायर कॅबिनेटला टेकली, तर करंट अर्थच्या वायरने निघून जातो आणि एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच, पडते. पिन नसेल तर ती पडेलच असं नाही. गाणी वाजत राहतात, दिवा पेटलेला राहतो आणि कॅबिनेटवर 230 व्होल्ट उभे असतात. फरशी नुकतीच पुसलेली आहे, मामी ओलं फडकं घेऊन रिसिव्हरवरची धूळ पुसायला येतात. याच्या पुढचं मला लिहवत नाही. मामांसमोर मी कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावला, तर आतला दिवा मंद नारिंगी पेटला. एवढ्या बारीक गळतीने कुणी दगावत नाही, पण गळतीला जायला धड वाट उरलेली नाही हे मामांना दिसलं. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही.

आणि गोष्ट एका रिसिव्हरवर थांबत नाही. कॅबिनेट लाल-पांढऱ्या वायरच्या जाळीला जोडलेलं, ती जाळी बॉक्सच्या बॉडीला, बॉडी डिशच्या केबलला. फॉल्ट आला की त्या बारीक जाळीतून करंट वाहून केबल तापेल, नाहीतर बॉक्स, टीव्ही आणि गच्चीवरचा कनेक्टर, सगळ्यांत करंट उतरेल. संक्रांतीला आपल्याकडे अख्खी पोरं गच्चीवर असतात. डिशच्या पाइपाला टेकून मांजा सोडवणारं पोर डोळ्यांसमोर आणा.

“आमच्याकडे आरसीसीबी आहे, मग पिन कशाला?” असंही त्या मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय. आरसीसीबी म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. अर्थ असेल तर फॉल्ट झाल्या क्षणी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते, कॅबिनेटला कुणी हात लावायच्या आधी. अर्थ नसेल तर ती पडायला गळती बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगातून जावी लागते. तेवढ्यासाठी घरातल्या माणसाला शॉक बसू द्यायचा?

खरं तर हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागू नये. लोखंडी कूलरला हात लागून माणूस गेल्याची बातमी आपण प्रत्येक उन्हाळ्यात वाचतो. कूलर थ्री-पिनवरच चालवा, अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढा, असं आवाहन महावितरण दर उन्हाळ्यात करतं. कूलरच्या बाबतीत पाळायचा नियम दिवाणखान्यातल्या लोखंडी डब्याला का नाही? आयएस 1293 हे प्लग-सॉकेटचं भारतीय मानक आहे. त्यातली अर्थची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. टॉप घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी, यासाठीच ती तशी आहे. फेज येण्याआधी अर्थ लागलाच पाहिजे, असा विचार करून बनवलेली वस्तू कापायला सांगणारा माणूस इंजिनिअर असूच शकत नाही.

(काही रिसिव्हर कंपनीतूनच टू-पिन येतात. त्यांचं इन्सुलेशन दुहेरी असतं, त्यांना अर्थ लागत नाही. त्यावरून थ्री-पिनवाल्याची पिन काढायची परवानगी मिळत नाही.)

मग घूं आवाजाचं काय करायचं? बोर्ड बंद करून बॉक्समागची डिशची केबल फिरवून काढा आणि पुन्हा चालू करा. आवाज गेला तर वाट तिथूनच आहे. बॉक्स, टीव्ही आणि रिसिव्हर एकाच बोर्डावर घ्या. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर बॉक्समागे ऑप्टिकलचं चौकोनी पोर्ट शोधा, चालू बॉक्समध्ये आत लाल उजेड दिसतो. बॉक्स ते रिसिव्हर ऑप्टिकल केबल टाका आणि लाल-पांढरी वायर काढून टाका. ऑप्टिकलमधून करंट जातच नाही. ते पोर्ट नसेल तर लाल-पांढऱ्या वायरच्या मध्ये बसणारं ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा बारीक करंट अडवणारी डबी, मिळते. केबल टीव्हीसाठीचं आयसोलेटर मात्र डिशच्या केबलला लावू नका. बॉक्स त्याच केबलने गच्चीवरच्या एलएनबीला (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) 13 नाहीतर 18 व्होल्ट पाठवतो, ते अडले की सिग्नलच जाईल.

ऑप्टिकलच्या मुद्द्यात एवढं अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. घूं आवाज ती घालवते. पण म्हणून तिचा आवाज ‘शुद्ध’ ठरत नाही. स्टिरिओ आणि साधं डॉल्बी डिजिटल 5.1 तिच्यातून जातं, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. त्याला एचडीएमआयच लागते.

डॉल्बी ऑन केल्याने स्टिरिओ चॅनेल 5.1 होत नाही. चॅनेलने डावा आणि उजवा असे दोनच आवाज पाठवले असतील तर मागचे स्पीकर रिसिव्हर अंदाजाने वाजवतो. ज्या चॅनेलवर खरं 5.1 येतं, त्याच्यासाठी बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ या पर्यायाऐवजी ‘डॉल्बी’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ हा पर्याय निवडावा लागतो, हे बरोबर.

सोन्याच्या मुलाम्याने पिन गंजत नाही, बाकी काही नाही. डीटीएचच्या 1080 रेषांच्या एचडीला साधी, धड बनवलेली केबल पुरते. केबल खराब असेल तर चित्रात ठिपके येतात किंवा पडदा काळा होतो. आवाज ‘जाडाभरडा’ होत नाही.

एचडीएमआय रिसिव्हरमधून नेल्याने चित्र बिघडत नाही. रिसिव्हर बंद असताना टीव्हीवर चित्र येत नाही, ही तक्रार खरी आहे. पुष्कळ रिसिव्हरमध्ये त्यासाठी स्टँडबाय पास-थ्रूचं, म्हणजे बंद असतानाही चित्र पुढे टीव्हीला पाठवण्याचं, सेटिंग असतं. पोर्ट जळणंही अगदीच अशक्य नाही. घराचं अर्थिंग खराब असेल, डिशच्या केबलवर गळती असेल आणि सगळं चालू असताना केबल खुपसली, तर ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो. म्हणून बोर्ड बंद करून जोडा आणि अर्थिंग नीट करून घ्या. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा.

मेसेज वाचून कुणी पिन काढलीच असेल तर तो टॉप आज वापरू नका. 6 अँपिअरचा नवा थ्री-पिन टॉप कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो लायसन्सवाल्या वायरमनकडून बसवून घ्या आणि त्याच फेरीत सॉकेटच्या वरच्या भोकात खरोखर अर्थ येतोय का, तेही त्याला तपासायला सांगा. जुन्या वस्तीतल्या कित्येक घरांत ते भोक नुसतंच असतं, मागे वायर नसते.