ड्रॅगन काढले तर प्रेमकथा उरतेच कुठे?

'फोर्थ विंग'मधील ड्रॅगन ही केवळ सजावट असून ते वगळले तरी प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहील, हे या कादंबरीवरील तुमच्या लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. रिबेका यारोस यांच्या या २०२३ मधील कादंबरीत नायिका व्हायोलेटचा टेर्न आणि नायक झेडनची स्गेल हे ड्रॅगन एकमेकांचे जोडीदार आहेत, आणि स्वार व ड्रॅगन यांचे जीवही एकमेकांशी बांधलेले असतात. त्यामुळे तिच्या जिवाला धक्का लागला, तर तो आधी टेर्नला, मग स्गेलला आणि शेवटी झेडनला भोवू शकतो. जिच्या आईने झेडनच्या बंडखोर वडिलांना पकडून मृत्युदंड घडवून आणला, तिलाच जपणे या साखळीमुळे त्याला भाग पडते, आणि दोघांमधला सगळा ताण तिथूनच निर्माण होतो. सांधे सहज निखळणाऱ्या व्हायोलेटला टेर्नच्या पाठीवर टिकता येत नाही म्हणून झेडन तिच्यासाठी खास खोगीर बनवून घेतो, तो प्रसंग तर मला त्यांच्या कोणत्याही चुंबनापेक्षा अधिक उत्कट वाटला.

राजकारणाविषयी मात्र लेखात जेमतेम एक ओळ आहे, याचे आश्चर्य वाटते. इथले कारस्थान राजाच्या दरबारात नव्हे, तर ग्रंथागारात शिजते: सीमेपलीकडच्या वेनिनांचा, म्हणजे काळी जादू वापरणाऱ्यांचा, धोका खरा असूनही राज्यकर्ते नोंदी दडवून त्याला दंतकथा ठरवतात आणि बंडखोरांच्या मुलांना ड्रॅगनस्वारांच्या जीवघेण्या प्रशिक्षणात सक्तीने ढकलतात. संवाद अधूनमधून फारच आजच्या अमेरिकन वसतिगृहातले वाटतात, हा लेखातील आक्षेप मात्र मान्य.