‘म्युच्युअल’ कंपनीचा विमा: व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. आयुर्विमा घ्यायचा तर म्युच्युअल कंपनीचाच घ्या. तिथे भागधारक नसतात, मालक तुम्हीच. सगळा नफा डिव्हिडंड म्हणून तुमच्याकडे येतो, तोही करमुक्त आणि सहा टक्क्यांनी. या कंपन्या दीडशे वर्षांत कधी बुडालेल्या नाहीत. ‘आपली एलआयसीसुद्धा तशीच.’ आणि शेवटी, आजच होल लाइफ पॉलिसी (आयुष्यभर चालणारा, पैसे साठवणारा विमा) घ्या.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर मेसेज टिकतो.

‘मालक तुम्हीच’

मॅसम्युच्युअल, नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल, न्यू यॉर्क लाइफ, गार्डियन, पेन म्युच्युअल या कंपन्यांना खरंच भागधारक नाहीत. संचालक निवडायचा हक्क विमाधारकांना असतो. पण मालकी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, ते इथे नाही. हौसिंग सोसायटीच्या सभासदाला फ्लॅटबरोबर आपला हिस्साही विकता येतो. इथे पॉलिसी बंद केली की मालकी संपली आणि साठलेल्या गंगाजळीतला वाटा तिथेच राहिला. मतदानाची चिठ्ठी घरी येते, बहुतेकांच्या हातून ती न उघडताच रद्दीत जाते, आणि व्यवस्थापनाने सुचवलेली माणसंच निवडून येतात.

‘सगळा नफा तुम्हाला, सहा टक्क्यांनी’

सगळा नाही. किती वाटायचा आणि किती राखून ठेवायचा, हे संचालक मंडळ ठरवतं. राखून ठेवणं वाईट नाही, कंपनी त्यावरच तगते. पण ‘सगळा’ हा शब्द चुकीचा.

खरी गंमत त्या टक्क्यात आहे. मॅसम्युच्युअलने २०२४ साठी ६.१० टक्के डिव्हिडंड व्याजदर जाहीर केला, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी लोकांनी तो बँकेच्या एफडीशेजारी ठेवून पाहिला. तो तुमच्या हप्त्यावरचा परतावा नव्हे. डिव्हिडंडचं गणित तीन भागांचं: गुंतवणुकीवरचं व्याज, अंदाजापेक्षा कमी झालेले मृत्यू, वाचलेला खर्च. जाहीर झालेला आकडा फक्त पहिल्या भागात वापरला जातो, तोही विम्याची किंमत आणि खर्च वजा जाऊन पॉलिसीत जे साठतं त्यावर. पहिल्या वर्षांत तिथे फार थोडं साठलेलं असतं, कारण एजंटचं कमिशनच बहुधा पहिल्या हप्त्याच्या निम्म्याहून जास्त असतं.

विश्वास बसत नसेल तर एजंटने दिलेलं इलस्ट्रेशन, म्हणजे पॉलिसीचा वर्षावर्षाचा अंदाजी तक्ता, उघडा. पानभर आकड्यांत दोन रकाने शोधा: हमी असलेली कॅश व्हॅल्यू (पॉलिसी बंद केली तर हाती येणारी रक्कम) आणि हमी नसलेली. एजंटचं पेन नेहमी दुसऱ्यावर फिरतं. तुम्ही पहिल्यावर बोट ठेवा आणि भरलेल्या हप्त्यांच्या बेरजेशी ओळीओळीने ताडून पाहा. दोन्हींची बरोबरी व्हायला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागताना दिसतील. दुसरा रकाना आजचा डिव्हिडंड पुढे तसाच राहील असं धरून काढलेला असतो, आणि तसं लिहिलेल्या पानावरच तुमची सही घेतात.

‘करमुक्त’

हे बरंचसं खरं आहे, पण कारण कुणी सांगत नाही. आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) नजरेत हा डिव्हिडंड म्हणजे जास्त घेतलेल्या हप्त्याची परतफेड. हप्ता मुळातच सावधगिरीने, चढा ठरवलेला असतो. त्यातला काही भाग परत येतो, म्हणून कर नाही. मिळालेला डिव्हिडंड एकूण भरलेल्या हप्त्यांपेक्षा जास्त झाला की वरच्या रकमेवर कर लागतो. डिव्हिडंड कंपनीकडेच व्याजाने ठेवला, तर त्या व्याजावर दरवर्षी लागतो. स्वतःचेच पैसे परत आल्यावर कर लागला नाही, याचा आनंद किती मानायचा ते ज्याने त्याने ठरवावं.

‘कधी बुडत नाहीत’

मॅसम्युच्युअल १८६९ पासून आणि नॉर्थवेस्टर्न १८७२ पासून न चुकता डिव्हिडंड देत आहेत. १९३० च्या मंदीतही दिला. हे श्रेय त्यांचं, आणि ते मोठं आहे. पण ते त्या कंपन्यांचं आहे, म्युच्युअल या प्रकाराचं नव्हे.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी आपल्याच न्यूअर्कचा इतिहास आठवावा. म्युच्युअल बेनिफिट लाइफ ही १८४५ ची म्युच्युअल कंपनी. तिने स्थावर मालमत्तेत बेसुमार पैसा घातला, बाजार पडल्यावर लोक रक्कम काढायला धावले, आणि जुलै १९९१ मध्ये राज्याच्या विमा आयुक्तांनी ती ताब्यात घेतली. मृत्यूचे दावे दिले गेले. पण कॅश व्हॅल्यू गोठली, आणि लवकर बाहेर पडायचं तर कपात सोसावी लागे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एक्झिक्युटिव्ह लाइफ जंक बाँडपायी, म्हणजे जास्त जोखमीच्या रोख्यांपायी, बुडाली. ती भागधारकांची कंपनी होती. एक इमारतींत बुडाली, दुसरी रोख्यांत. मालक कोण, हा प्रश्न दोन्हीकडे गैरलागू ठरला.

इंग्लंडमधली गोष्ट त्याहून बोलकी. इक्विटेबल लाइफ ही १७६२ पासूनची म्युच्युअल. तिने जुन्या पेन्शन पॉलिसींत ठरावीक दराने वार्षिकी (निवृत्तीनंतर दरवर्षी मिळणारी रक्कम) द्यायची हमी दिली होती. व्याजदर उतरल्यावर ती हमी महागात पडू लागली, तेव्हा संचालकांनी त्याच लोकांचा अंतिम बोनस कापायचं ठरवलं. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते बेकायदा ठरवलं. आता हा बोजा कोण उचलणार? भागधारक नव्हतेच, म्हणून तो बाकीच्या विमाधारकांवर आला. डिसेंबरमध्ये कंपनीने नवा धंदा बंद केला आणि पुढच्या जुलैत पेन्शन पॉलिसींच्या मूल्यात १६ टक्के कपात केली. नफा वाटून घेणारे तुम्ही एकटे असाल, तर तोटा सोसणारेही तुम्हीच. मेसेजमध्ये हे वाक्य कधीच नसतं.

अमेरिकेत कंपनी बुडाली तर विमाधारकांना भरपाई देणारी राज्याची हमी संस्था असते, पण तिला मर्यादा आहे: बहुतेक राज्यांत मृत्यूच्या दाव्याला ३ लाख डॉलर, कॅश व्हॅल्यूला १ लाख.

‘आज म्युच्युअल, कायम म्युच्युअल’

हे मेसेजमध्ये गृहीतच धरलेलं असतं. इक्विटेबल (ही न्यू यॉर्कची) १९९२ मध्ये, जॉन हॅन्कॉक आणि मेटलाइफ २००० मध्ये, प्रुडेन्शियल २००१ मध्ये म्युच्युअलची शेअर कंपनी झाली. विमाधारकांना शेअर किंवा रोख मिळाली, जुन्या पॉलिसींच्या डिव्हिडंडसाठी वेगळा निधी बाजूला काढला गेला.

मात्र इथे मेसेजवाल्यांच्या बाजूनेही एक दाखला आहे, तो लपवू नये. आधी म्युच्युअल असलेली फीनिक्स २००१ मध्ये शेअर बाजारात उतरली, २०१६ मध्ये विकली गेली, आणि पूर्वी तिची उपकंपनी असलेली पीएचएल व्हेरिएबल २०२४ मध्ये कनेक्टिकटच्या नियामकाच्या ताब्यात गेली. तीस-चाळीस वर्षं चालणाऱ्या करारात तिमाही नफ्याचा दट्ट्या नसणं हा फायदाच आहे, असं मलाही वाटतं. डिव्हिडंड देणारी होल लाइफ घ्यायचीच असेल, तर मीही आधी म्युच्युअल कंपन्यांकडेच पाहीन.

‘आपली एलआयसीसुद्धा तशीच’

नाही. एलआयसी पहिल्यापासून सरकारी मालकीची, आणि मे २०२२ पासून शेअर बाजारात नोंदलेली. आपल्याकडे म्युच्युअल होती ती बॉम्बे म्युच्युअल, १८७० सालची. भारतीयांकडून जादा हप्ता घ्यायची त्या काळची रीत मोडून तिने त्यांना नेहमीच्या दराने विमा दिला. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि इतर कंपन्यांबरोबर तीही एलआयसीत विलीन झाली. फोर्टात इमारतीचं नाव तेवढं उरलं. आज भारतात एकही म्युच्युअल आयुर्विमा कंपनी नाही. पण ‘भागधारक सगळं खातात’ हेही तिथे खरं नाही: बोनस देणाऱ्या पॉलिसींच्या नफ्यातला किमान ९० टक्के वाटा विमाधारकांना द्यावा लागतो. तेव्हा पुण्याच्या मावशीला हा मेसेज फॉरवर्ड करू नका, तिला त्याचा काही उपयोग नाही.

‘म्हणून होल लाइफ घ्या’

सगळा खटाटोप या एका ओळीसाठी. होल लाइफ लागतेच का, हा पहिला प्रश्न. कंपनी म्युच्युअल की शेअरची, हा त्यानंतरचा. घराचं कर्ज आहे, मुलं लहान आहेत, एका पगारावर घर चालतं, अशा माणसाला वीस-तीस वर्षांची टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीचा, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) लागते. तिच्यात वाटण्यासारखा नफा जवळपास नसतोच. तिथे हप्ता किती, कंपनीचं मानांकन काय, आणि पुढे टर्मचं कायमच्या पॉलिसीत रूपांतर करता येतं का, एवढं विचारा. कायम अपंग मुलाची आयुष्यभराची सोय, इस्टेट टॅक्स (मागे ठेवलेल्या संपत्तीवरचा कर), भागीदारीच्या धंद्यातली देणी अशी गरज असेल तर होल लाइफचा विचार जरूर करा, आणि मग हमीचा तो रकाना आधी वाचा.