अंग राखून काम करण्याविषयी थोडेसे

नवी नोकरी लागली? अभिनंदन. आता एवढे सांभाळा: झपाटल्यासारखे काम करू नका. तुमचे नुकसान होईल ते होईलच, शिवाय शेजारच्या टेबलावरच्या माणसाची वर्षानुवर्षांची साधना मातीत घालाल.

ही साधना आजची नाही. १८८०च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या मिडवेल पोलाद कारखान्यात लेथवरच्या कामगारांनी आपसांत ठरवून घेतले होते, कोणत्या कामाचे दिवसाला किती नग काढायचे. जमले असते त्याच्या साधारण एक तृतीयांश. मजुरी नगावर, तरीही! मूर्ख होते म्हणता? कुणी जोर लावून जास्त नग काढले, की मालक खूश होऊन नगामागचा दरच उतरवी. मग पूर्वीइतक्याच पैशांसाठी जास्तीचा घाम. पुढे ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा जनक म्हणून गाजलेल्या फ्रेडरिक टेलरला हा हिशेब तोंडपाठ होता, कारण तोही त्यांच्यातलाच. मुकादम झाल्यावर मात्र त्याला ती कामचोरी दिसू लागली. तिचे त्याने दोन प्रकार पाडले: एक उपजत आळसाची, दुसरी विचारपूर्वक केलेली. पहिली कुणालाही जमते. तुम्ही दुसरी शिका.

नाही शिकलात तर? पुढे बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात एका गड्याने, टेलरनेच लिहून ठेवल्याप्रमाणे, दिवसाला साडेबारा टनांऐवजी सत्तेचाळीस टन लोखंड उचलून वाहिले. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. काम पावणेचार पट, पैसे दीडपटीच्या जरा वर. बक्षीस म्हणून टेलरने हेही लिहिले, की या कामाला बैलाच्या बुद्धीचाच माणूस लागतो.

या अंगचोरीला टेलर ‘सोल्जरिंग’ म्हणे, म्हणजे शिपाईगिरी. बिचाऱ्या शिपायांनी काय घोडे मारले होते कोण जाणे. पण गंमत बघा, १९११मध्ये वॉटरटाउनच्या लष्करी कारखान्यातच ओतकाम करणारे कामगार कामाचा क्षणन्‌क्षण मोजणाऱ्या त्याच्या स्टॉपवॉचला वैतागून संपावर गेले, आणि १९१५मध्ये अमेरिकी काँग्रेसने लष्करी कारखान्यांत त्या घड्याळावर सरकारी पैसा खर्चायला मनाई केली.

आता घड्याळ कॉम्प्युटरच्या पोटात आहे, म्हणून जरा जपून. २०२४मध्ये वेल्स फार्गो बँकेने डझनाहून जास्त माणसे काढली. कीबोर्ड चालू असल्याचा आभास ती निर्माण करत होती म्हणे. तेव्हा काम चालल्याचा खोटा देखावा करणारी उपकरणे नकोतच. एक्सेलची मोठी शीट उघडी ठेवा, कपाळाला आठ्या घाला, आणि साहेब जवळून गेले की स्वतःशीच पुटपुटा, “हे टॅली का होत नाहीये?”