संडासची पावडर कोणाची?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'पॉलिएथिलीन ग्लायकॉल' असं चांगलं भारदस्त नाव होतं. मेडिकलमधल्या पोऱ्याने तेवढंच पुकारलं असतं तर कोणाच्या बापाला काही कळलं नसतं. पण काल संध्याकाळी, डोंबिवली स्टेशनात लोकल रिकामी होऊन सगळी गर्दी दुकानांत शिरते त्या वेळेला, त्याने शिडीवरून आरोळी ठोकली, "संडासची पावडर कोणाचीऽऽ?"

"माझी," मी म्हटलं. मग सगळ्यांची नजर पाहून घाईघाईने, "म्हणजे मुलाची."

मुलगा शेजारीच होता. पहिलीत आहे. पायाला पाय अडकवून, टाचा उचलून, काउंटरची कड घट्ट धरून, लालबुंद चेहऱ्याने उभा. माझ्या पुढे एक सत्तरीचे काका, हातात भाजीची पिशवी. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि निदान करून टाकलं.

"कुंथतोय हो! एवढा जोर लावतोय बिचारा, तरी होत नाहीये."

"काका, तो जोर लावत नाहीये. धरून ठेवतोय."

हे मलाही डॉक्टरांनीच सांगितलेलं. एकदा कडक खडा होतो, दुखतं. मग पोरगं ठरवतं, पुन्हा म्हणून करायची नाही. कळ आली की पाय आवळायचे, पडद्यामागे जायचं, दम कोंडून उभं राहायचं. आत थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं, खडा आणखी कडक होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. पण हे सांगायला वाक्य पुरं व्हावं लागतं, आणि काकांच्या पुढ्यात ते होत नाही.

"देठ!" काका म्हणाले.

"काय?"

"विड्याच्या पानाचा देठ. एरंडेलात बुडवायचा, आणि अस्सा..." देठ जवळ नव्हता म्हणून त्यांनी पिशवीतून शेवग्याची शेंग उपसली आणि कोन करून दाखवला. चिरंजीवांचे डोळे त्या शेंगेवर खिळले. "एवढा मोठा नाही रे बाळा," काका प्रेमाने म्हणाले आणि बोटाने शेंगेचा चतुर्थांश मोजून दाखवला. त्या क्षणी माझ्या मुलाच्या पोटात जी काही थोडीफार हालचाल असेल ती पुढच्या आठवड्यावर गेली असावी.

मग रांगेलाच कंठ फुटला. एका बाईंनी साबणाची वडी सुचवली. दुसरीने बेंबीवर हिंग. एका गृहस्थांना त्यांच्या लहानपणीचं रविवारचं एरंडेल आठवलं: नाक दाबून धरायला थोरला काका, तोंड उघडायला आत्या. ही पिढी ते एरंडेल लढाईवर जाऊन आल्याच्या थाटात का सांगते कोण जाणे. त्यात जिंकलं कोण, हे कधीच सांगत नाहीत.

"दूध किती देता?" हिंगवाल्या बाई.

दूध हा आमच्याकडे सासूबाईंचा प्रांत आहे. दुधावरच पोट भरलं की पोळी-भाजी, डाळ, फळं यांना जागा उरत नाही, म्हणून ते कमी करा, असं डॉक्टरही म्हणाले होते. बाईंचं बरोबर होतं. त्याचा राग वेगळाच आला.

"आणि पावडर देऊ नका," काकांनी शेंग पिशवीत कोंबत निकाल दिला. "सवय लागते."

लागत नाही हो, काका. ती पावडर बहुतेक शरीरात शोषलीच जात नाही. पाणी धरून ठेवते, मळ मऊ ठेवते, एवढंच. उलट दोन दिवस शी बरी झाली म्हणून लोक पावडर मध्येच बंद करतात आणि पहिल्यापासून सुरुवात. कित्येक मुलांना ती महिनोन् महिने घ्यावी लागते आणि कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच. पण रांग देठावर एकमत होऊन बसली होती.

आमच्या डॉक्टरांनीही प्रश्न विचारले, पण कामाचे. जन्मल्यावर पहिली शी दोन दिवसांच्या आत झाली होती का? रक्त पडतं का, उलट्या होतात का, पोट फुगतं का, वजन वाढतंय ना? या सगळ्यांची उत्तरं ठीक आली की बहुतेक वेळा मागे मोठा आजार नसतो. मग त्यांनी एक तक्ता काढला. ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९९७ साली छापलेला, शीचे सात प्रकार, चित्रांसकट. मुलाने पहिल्या चित्रावर, म्हणजे बकरीच्या लेंड्यांवर, अभिमानाने बोट ठेवलं. आपल्याला गाठायचाय तो चौथा, मऊ आणि सलग. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, म्हणून तेव्हा पाच-दहा मिनिटं बसवायचं. कमोडवर लोंबकळत्या पायांनी नाही, पायांखाली पाट देऊन. आणि नाही झाली तरी ओरडायचं नाही.

ओरडण्याचं खातं शाळेकडे आहे. चड्डीला डाग दिसले म्हणून त्याच्या डायरीत लाल शाईत शेरा आला: 'पाल्यास स्वच्छतेची सवय लावावी.' तो आळशी नाही हो. आत खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ झिरपतं आणि ताणलेल्या आतड्यामुळे पोराला ते कळतही नाही. लोक त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध देतात, म्हणजे आणखीच बूच.

आणि हे पोर दिवसभर धरून का ठेवतं? शाळेच्या संडासाला आतून कडी नाही. वर्गातून जायचं म्हटलं की "मधल्या सुट्टीत काय केलंस?" आणि मधल्या सुट्टीत मोठी मुलं दार ढकलून हसतात. मी पालकसभेत हे काढलं. स्नेहसंमेलनाच्या कोळीनृत्याला लुंग्या कुठून भाड्याने आणायच्या यावर तोवर पाऊण तास झाला होता. कडीसाठी अर्धं मिनिट मिळालं. "इतर कोणाची तक्रार नाही," असं उत्तर आलं. इतर कोणाची कशी येणार? पोरं घरी येऊन सांगतात का? दप्तर फेकून थेट बाथरूमकडे पळतात, आणि आपण म्हणतो, बघा किती गुणी, घरीच जातो.

मेडिकलच्या रांगेतल्या प्रत्येकाला माझ्या मुलाच्या पोटाची काळजी आहे. ज्यांच्या ताब्यात तो दिवसाचे सहा तास असतो त्यांना मात्र अर्ज लेखी हवा, दोन प्रतींत, विषय स्पष्ट नमूद करून.

आज सकाळी दिला. 'विषय: कडी बसवण्याबाबत.' दुपारी तो मुलाच्या डायरीतून परत आला. लाल शाईत: 'कशाची ते लिहावे.'