मावशी गेली आणि सत्कार आला

फोन आईने उचलला तिथेच घोटाळा झाला. माझी भाची चिऊ, वय 15, राज्य स्पर्धेच्या हॉलमधून ओरडत होती, मागे टाळ्या, शिट्ट्या, माईक, आणि रेंज अशी की चारातला एक शब्द पोचतोय. आईला ऐकू आलं ते एवढंच, "आजी! मावशी गेली! शेवटच्या दहा सेकंदात!"

आई मटकन खाली बसली. मिरजेला आमची मावशी असते, वय 78, बीपी आणि शुगर दोन्ही नीट सांभाळून असलेली. आईने पदर डोळ्याला लावला, मी मामाला फोन लावला, मामाने कराडला लावला, आणि वीस मिनिटांत तीन गाड्या मिरजेकडे निघायच्या बेतात. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं की मावशीच्या घरी तरी विचारू. फोन मावशीनेच उचलला. "कोण गेलं म्हणायलाय रे?"

आता काय सांगणार तिला.

तर ते 'मावशी गेली' नव्हतंच, 'मावाशी गेरी' होतं. म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ. कराटेत ती डोक्याला नीट टेकली की इप्पॉन, 3 पॉइंट, पोटाला बसली तर 2, बुक्कीचा 1. फायनलला 2-2 असताना चिऊने ती वरच्यावर घातली आणि 5-2 ने गोल्ड. दोन मिनिटांची मॅच, खेळ खलास. मावशीने मात्र आम्हाला अजून माफ केलेलं नाही. "माझ्या नावानं लाथा मारता व्हय रे," म्हणते.

दुसऱ्या दिवशी कॉलनीचे सेक्रेटरी काका घरी हजर. "सत्कार तर झालाच पाहिजे." आणि माझ्याकडे बघून, "मामा आहेतच की." लग्नात नवरीला मंडपात आणायचं काम मामाचं, तर सत्काराला पण मामाच, असा सरळ हिशोब. हो म्हणालो. चूक माझीच.

पहिला प्रश्न हॉलचा. इथे थोडं मागचं सांगावं लागेल. चिऊचा क्लास आमच्या सांगलीत विश्रामबागेकडच्या एका मंगल कार्यालयात भरतो, म्हणजे लग्न नसेल त्या दिवशी भरतो. त्यामुळे तिच्या सरांच्या किटबॅगेत ग्लोव्हज, पेनकिलर स्प्रे आणि पंचांग, तिन्ही असतात. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या पोरांचा फॉर्म घसरायला लागतो. स्पर्धेचं मॅट 8 बाय 8 मीटरचं असतं, यांच्याकडे आहे त्याच्या निम्मं, ते पण तुकड्या-तुकड्याचं, रोज जोडायचं, रोज उचलायचं, आणि एखाद्या तुकड्याला अजून जिलबीच्या पाकाचा चिकटपणा. तर सत्काराला हॉल कुठला मिळाला? हाच. कुठल्या दिवशी? मुहूर्त नसलेल्या. म्हणजे प्रॅक्टिसच्या दिवशी. चिऊला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी जिंकले म्हणून माझी प्रॅक्टिस कॅन्सल?" मी विषय बदलला.

मग फ्लेक्स. फ्लेक्सवर एकूण 22 चेहरे, त्यातले निम्मे कानाला मोबाईल लावून. चिऊचा फोटो खाली कोपऱ्यात, पासपोर्टपेक्षा थोडा मोठा. मी भांडलो, तेव्हा डिझाईन करणाऱ्या पोराने "ॲक्शनवाला टाकतो की दादा" म्हणून फायनलचा फोटो लावला, फक्त लावताना तो असा कापला की चिऊचं नुसतं पाऊल आलं आणि ज्या पोरीच्या कानावर ते पाऊल आहे तिचा चेहरा अख्खा, दहा फूट, आणि वर 'हार्दिक अभिनंदन'. बिचारी कुठल्या जिल्ह्याची होती कोण जाणे, पण आमच्या चौकात ती चार दिवस चॅम्पियन होती.

कार्यक्रम 5 चा, सुरू 6:40 ला. मे महिना, पंखे वारा खालून वर ओढतायत असं वाटावं, आणि चिऊच्या अंगावर एकावर एक शाली. पहिली कॉलनीची, दुसरी महिला मंडळाची, तिसरी गणेश मंडळाची. पाचवीनंतर ती दिसेनाशी झाली, नुसता फेटा दिसत होता. दाजी, म्हणजे तिचे पप्पा, शेजारी नारळ सांभाळत बसलेले, चौदा नारळ, मांडीवर मावेनात म्हणून खुर्चीखाली लावले तर एक गडगडत जाऊन माईकवाल्याच्या पायाशी.

आणि मग प्रमुख पाहुणे उठले.

आता कराटेत एक फार चांगली सोय आहे. रेफरी 'यामे' म्हणाला की जागच्या जागी थांबायचं. हात हवेत असला तरी थांबायचं. मॅटच्या बाहेर पाय गेला तर 'जोगाई', त्याची वॉर्निंग बसते. (आईला ती अंबाजोगाईच वाटते, यूट्यूबवर मॅच बघताना हा शब्द आला की ती हात जोडते.) भाषणाला असा रेफरी का नसतो? पाहुणे 'आजची सत्कारमूर्ती'पासून निघाले ते थेट कवठेपिरानला, हिंदकेसरी मारुती माने. तिथून गोळेश्वर, खाशाबा जाधव, 1952, हेलसिंकी, ब्राँझ. खाशाबांच्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीवर दहा मिनिटं, आणि त्यांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, त्यावर एक वाक्य. ते पण घाईत. मला वाटलं आता तरी मॅटवर येतील, तर स्मृती मानधना. मग संकेत सरगर, बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थचं सिल्व्हर, त्याच्या वडलांची पानटपरी. माणसं सगळी आमचीच, अभिमान आम्हाला पण आहे, पण कुस्ती झाली, क्रिकेट झालं, वेटलिफ्टिंग झालं, कराटे कुठाय? 47 मिनिटं. चिऊच्या तेवीस मॅच झाल्या असत्या.

शेवटी ते आलेच. "आमची ही कन्या 2028 च्या ऑलिम्पिकला ज्युदोमध्ये गोल्ड आणणार म्हणजे आणणार!" टाळ्या. शालींच्या ढिगातून बारीक आवाज आला, "मामा, कराटे." मी म्हणलं असू दे. "आणि 2028 ला कराटे नाहीच आहे. टोकियोला एकदाच होतं, पॅरिसला पण नव्हतं." मी म्हणलं बाळ, हस आणि नमस्कार कर.

तेवढ्यात पाहुण्यांना अजून एक सुचलं. नारळ हातात घेऊन म्हणाले, "बेटा, एक दणका दाखव. हातानं फोड." अख्खा हॉल ओरडायला लागला. लोकांना कराटे म्हणजे विटा आणि कौलंच माहीत, स्पर्धेत असलं काही फोडत नाहीत हे कुणाला सांगणार. चिऊ उठली, शाली सावरल्या, आणि माईकवर शांतपणे म्हणाली, "सर, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, हाताला लागलं तर काय करू?"

हॉल गप्प. पाहुण्यांच्या हातात नारळ तसाच, ना ठेवता येतोय ना देता. सेक्रेटरी काकांचा चेहरा पडला.

आणि पहिल्या रांगेतून आमची आई उठली. गुडघ्यावर हात ठेवत तीन पायऱ्या चढली, पाहुण्यांच्या हातातून नारळ घेतला, एकदा फिरवून शेंडी बघितली, आणि स्टेजच्या दगडी कडेवर असा एक घाव घातला की नीट दोन भकलं. पाणी पाहुण्यांच्या बुटावर. "एवढं काय त्यात," म्हणाली आणि भकलं दाजींकडे देऊन जागेवर जाऊन बसली. त्या संध्याकाळच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या.

रात्री साडेनऊला लोक भडंगाची पाकिटं घेऊन गेले. चिऊ, सर आणि क्लासची आठ पोरं खुर्च्या एकात एक घालून मॅट जोडायला लागली, वॉचमन म्हणाला अर्धा तास, दहाला लाईट बंद. मला पण दोन तुकडे जोडायला दिले, उलटे जोडले म्हणून काढून घेतले. मग मी शाली मोजत बसलो. अकरा. मॅटचा एक तुकडा किती लोकांच्या वर्गणीत आला असता हे विचारायचं डोक्यात होतं, पण तोवर सेक्रेटरी काका निघून गेले होते.

घरी येऊन मोबाईल बघितला तर कॉलनीच्या ग्रुपवर चिऊचा एकच फोटो, तो पण डोळे मिटलेला. आईचा व्हिडिओ मात्र चार जणांनी टाकलेला, एकाने तर स्लो मोशनमध्ये. खाली सेक्रेटरी काकांचा मेसेज, "आजींचा सत्कार पुढच्या रविवारी ठेवूया का? मामा आहेतच."