गायीवर हात फिरवून लकवा जात नाही

सांगली भागात एक मेसेज फिरतोय: ‘लकव्याच्या पेशंटनं रोज गायीच्या पाठीवरून हात फिरवावा, गोळ्या बंद कराव्यात.’ हे चूक आहे, आणि जीवावर बेतणारं आहे.

जनावरांच्या सहवासाचा उपयोग होतो, पण फिजिओथेरपीला जोड म्हणून. उदाहरणार्थ, ब्रश मुठीत धरायचा, खांद्यापासून हात लांबवत शेळीच्या पाठीवरून ओढायचा, तोल सांभाळायचा. तीच हालचाल पुन्हापुन्हा केल्यानं मेंदू ती नव्यानं शिकतो. शेळी शांत हवी, शेजारी घरचं माणूस हवंच.

गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, दुसरा झटका येऊ शकतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली तर लगेच १०८ ला फोन करा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात.